आठवी ते दहावीची मुलं : वर्गातल्या त्रासाबद्दल त्यांना नेमकं कसं विचारावं?

सायली_दुपार

राज्य मंडळाची शाळा, आठवी ते दहावी मिळून नऊ तुकड्या. पालक-शिक्षक संघाने ठरवलंय की दिवाळीच्या सुट्टीआधी या मुलांकडून एक निनावी प्रश्नावली भरून घ्यायची. मुख्याध्यापकांनी एक तास दिलाय, म्हणजे ३५ मिनिटं. कच्चा मसुदा असा :

१. तुला शाळेत कोणी त्रास देतं का? (हो / नाही)
२. त्रास देणाऱ्याचं नाव लिही.
३. तू शिक्षकांना सांगितलंस का? नसल्यास का नाही?
४. तू कधी कोणाला त्रास दिलास का?
५. दादागिरी थांबवण्यासाठी शाळेने काय करावं?

इथे शिक्षक, समुपदेशक, वकील बरेच आहेत म्हणून विचारते. या वयाची मुलं कशाला त्रास धरतात आणि कशाला मस्ती? आणि यातून खरं उत्तर येईल का? मसुद्याची हवी तेवढी चिरफाड करा.

खडूची_पेटी

दुसरा प्रश्न आजच काढा. निनावी कागदावर दुसऱ्याचं नाव लिहायला लावलं की निम्मी मुलं जुनी उट्टी काढतात. उरलेल्या निम्म्यांना वाटतं की आता अक्षर जुळवून आपल्याला शोधणार. आणि शिक्षकखोलीत अक्षर खरंच जुळवलं जातं. वर्षभर वह्या तपासणाऱ्याला दोन ओळी पुरतात.

पहिला प्रश्न निरुपयोगी आहे. 'कोणी त्रास देतं का' याला नववीतला मुलगा 'नाही'च म्हणणार. 'हो' म्हणणं म्हणजे आपण दुबळे आहोत हे कबूल करणं, मग कागद निनावी असला तरी. कृती विचारा. 'न आवडणाऱ्या नावाने हाक मारली', 'डबा, पेन, पैसे काढून घेतले', 'ढकललं, टपली मारली', 'मुद्दाम कोणी बोललं नाही', 'माझ्याबद्दल खोटं पसरवलं', 'माझा फोटो न विचारता ग्रुपवर टाकला'. प्रत्येकापुढे कितीदा हे विचारा आणि मुदत ठरवून द्या. शाळेतल्या दादागिरीचे अभ्यासक, नॉर्वेचे डॅन ओल्वेउस, यांच्या प्रश्नावलीत गेल्या दोनेक महिन्यांचं विचारतात आणि पर्याय पाच असतात : एकदाही नाही, एकदोनदा, महिन्यातून दोन-तीनदा, आठवड्यातून साधारण एकदा, आठवड्यातून अनेकदा. तिसऱ्या पर्यायापासून पुढचं गंभीर धरतात. पर्याय तसेच वापरा, उगाच 'कधीकधी', 'बरेचदा' घालू नका. एकाचं कधीकधी म्हणजे दुसऱ्याचं रोज असतं.

आता भरून घेण्याबद्दल. माझ्या मते प्रश्नांपेक्षा हे जास्त बिघडतं.

फक्त खुणा करायच्या, लिहायचं काही नाही. लिहायचं असलं की ज्याला सांगण्यासारखं आहे तो दहा मिनिटं लिहीत बसतो, बाकीचे दोन मिनिटांत मोकळे होऊन त्याच्याकडे बघतात. तो ओळखला गेला. सगळ्यांना सारखाच वेळ लागला पाहिजे. म्हणून 'हो असल्यास पुढचे प्रश्न सोडव' हा प्रकारही नको.

वर्गशिक्षक वर्गात नकोत. दुसऱ्या तुकडीचे किंवा पालक संघातलं कोणी असावं, पण त्याच तुकडीतल्या मुलाची आई नको. बाकावर एकच मूल. नऊ तुकड्यांना एका वेळी तेवढी जागा मिळणार नाही, तेव्हा निम्मी तुकडी ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत बसवा. भरलेले कागद मॉनिटरने गोळा करायचे नाहीत. दारापाशी बंद खोका ठेवा, ज्याने त्याने घडी घालून टाकावा.

वर मुलगा/मुलगी, तुकडी, जन्मतारीख असले रकाने एकत्र नकोत. ज्या तुकडीत सहाच मुली आहेत तिथे 'मुलगी, ९ क' एवढ्यावर माणूस सापडतो. इयत्ता पुरे.

बोरकूट

प्रश्न ६ : शाळेत सर्वात जास्त दादागिरी कोण करतं? अ) दहावीची मुलं ब) व्हॅनवाले काका क) संस्थेचे सचिव.
क पर्याय छापून आला तर पालक संघाला माझ्याकडून मिसळ.

रोखठोक_नाना

एवढा बाऊ कशाला? चिडवाचिडवीशिवाय शाळा असते का? जाड्या, चष्मिस, लंबू या नावांनी कोणाचं काही बिघडलं नाही. चार टपल्या खाल्ल्या की चार द्यायला शिकतो माणूस. अशा प्रश्नावल्या वाटून तुम्हीच पोरांच्या डोक्यात भरवताय की त्यांच्यावर अन्याय होतोय. उद्या टोपणनावावर समिती बसेल.

बोरकूट

नाना, समिती ऑलरेडी आहे. तिच्या बैठकीचा भत्ता मिळत नाही एवढंच.

मनाचा_कोपरा

नानांचं सगळंच मोडीत काढू नये. मुलं स्वतःही मस्ती आणि त्रास यांत फरक करतात, आणि तो आपल्यापेक्षा बारीक असतो. अभ्यासकांच्या तीन खुणा आहेत : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असलेलं. आठवी-नववीच्या मुलांशी बोललात तर त्यांची कसोटी एकच असते : याला उलट चिडवता येतं का? दोघं एकमेकांना जाड्या-लुकड्या म्हणत असतील तर ती मस्ती. एकानेच म्हणायचं आणि दुसऱ्याने फक्त हसायचं असेल तर मुलांना कळतं की हे वेगळं आहे. पण ते तसं म्हणत नाहीत. म्हणतात, 'त्याला चालतं'.

नाना, 'चार द्यायला शिकतो' हे ताकद सारखी असली तरच. जो चार देऊ शकतो त्याच्या वाट्याला हे मुळात येतच नाही.

आणि तो 'त्याला चालतं'वाला मुलगा हसतो का? कारण हसणं सर्वात स्वस्त पडतं. चिडला तर जास्त चिडवतात, रडला तर वर्षभर तेच. मारामारी केली तर शिक्षा दोघांना. सांगितलं तर चुगलीखोर. म्हणून शिक्षकांना तो हसताना दिसतो आणि ते म्हणतात, 'अहो, तो तर त्यांच्याच ग्रुपमध्ये असतो.' असतोच. ग्रुपबाहेर मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खाणं त्याला याहून वाईट वाटतं.

वाढदिवसाचे बंप्स घ्या. चौघांनी हातपाय धरून उचलायचं आणि बाकीच्यांनी लाथा घालायच्या. सगळ्यांनाच बसतात, म्हणून ती मस्ती. पण लाथा मोजा. एखाद्याला चौदाव्या वाढदिवसाला रीतसर चौदा, आणि ठरावीक एखाद्याला 'अजून एक, अजून एक' करत मोजदादच नाही. परंपरा तीच, शिक्षकाच्या नजरेला दोन्ही सारखंच दिसतं. ठरावीक मुलं वाढदिवसाच्या दिवशी गैरहजर राहतात. हजेरीपटावर वाढदिवस आणि गैरहजेरी ताडून बघा, प्रश्नावलीशिवाय काही नावं समोर येतील.

मुलींमध्ये पद्धत निराळी. हात लागत नाही. 'आजपासून हिच्याशी कोणी बोलायचं नाही' एवढा निरोप फिरतो. प्रकल्पाचे गट पाडताना ती उरते. डब्याच्या गोलात जागा 'आधीच भरलेली' असते. तक्रार काय करणार? कोणी काहीच केलेलं नसतं. खडूची पेटी यांच्या यादीत 'मुद्दाम कोणी बोललं नाही' आहे, त्यात 'गटात घेतलं नाही'ची भर घाला. मुलांमध्येही हे होतं, पण मारहाणीच्या मागे झाकलं जातं.

तुषार_सिंचन

+१. बंप्सचं अगदी. पाठीच्या कण्याला आणि पोटाला मार लागू शकतो, तेव्हा शाळेने ही प्रथा सरळ बंद करावी. ताकद-बिकद नंतर बघू.

खडूची_पेटी

मनाचा कोपरा, हजेरीपटाची युक्ती चांगली आहे. तशीच अजून एक, शिपाईकाकांना विचारा. कोण शाळा सुटल्यावर दहा मिनिटं उशिरा निघतं, कोण मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या आसपास घुटमळतं, हे त्यांना पाठ असतं.

जव्हारची_वाट

शहरातल्या शाळांवर चर्चा चाललीय म्हणून निवासी शाळा आणि वसतिगृहांचंही सांगतो. तिथे सुट्टीची घंटा नसते, त्रास देणारा आणि सोसणारा रात्रीही एकाच खोलीत. सकाळची पाण्याची रांग, आंघोळीची बादली, जेवणाचं ताट वाढून आणणं, मोठ्यांचे कपडे धुणं, ही ठिकाणं. अधीक्षक एकटा आणि मुलं शेकड्यात असली की तो दहावीच्या मुलांना 'मंत्री' नेमतो : पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, भोजनमंत्री. कामाची वाटणी म्हणून ठीक आहे, पण सोबत शिक्षा करायचा अधिकारही न बोलता दिला जातो. मग पाणीमंत्री ठरवतो कोणाला शेवटी पाणी मिळणार. उपाय साधे आहेत. मंत्रिपद महिन्याने बदला, आठवी-नववीलाही द्या. शिक्षा करायचा अधिकार नाही हे सगळ्यांसमोर सांगा. झोपायच्या खोल्या इयत्तेनुसार करा आणि दिवे बंद झाल्यावर पहिल्या तासात एक फेरी मारा, वेळ रोज बदलून.

दुसरं म्हणजे जात. हे प्रश्नावलीत कोणी विचारत नाही आणि मुलं आपण होऊन लिहीत नाहीत. बऱ्याचदा सुरुवात वर्गातच होते. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की सर म्हणतात, 'एससी, एसटीची मुलं उभी राहा.' त्या दिवसापर्यंत ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं आणि पुढचं वर्षभर 'फुकटवाला', 'कोट्यातला' चालू. अर्ज बंद पाकिटातून द्या किंवा एकेकाला कार्यालयात बोलवा. पैसे लागत नाहीत याला.

निळी_शाई

जव्हारची वाट यांना पूर्ण अनुमोदन. आडनाव, भाषा, रंग, वडिलांचा धंदा, सगळं यात येतं. प्रश्न असा टाका : 'माझी जात, धर्म, भाषा, रंग, शरीर किंवा घरची परिस्थिती यांवरून बोललं गेलं.' पण सगळं एकाच वाक्यात कोंबलं तर कशावरून ते कळणार नाही. तीन वेगळ्या ओळी करा.

आणि एक प्रश्न मोठ्यांबद्दल हवाच. 'ढ', 'ठोंब्या', 'बाईसारखा चालतो' ही विशेषणं कित्येकदा फळ्याच्या बाजूने येतात. सरांनी एकदा म्हटलं की वर्गाला परवाना मिळतो. 'शिक्षक किंवा कर्मचाऱ्याने सर्वांसमोर अपमान केला' ही ओळ मुख्याध्यापक कापायला बघतील. कापू देऊ नका.

रोखठोक_नाना

मग शिक्षकांनी बोलायचंच नाही का? अमुक शब्द चालेल, तमुक नाही याची यादी काढा, भिंतीवर लावू.

निळी_शाई

यादीची गरज नाही, नाना. वागण्यावर बोला, माणसावर नको. 'गृहपाठ केला नाहीस, उद्या आण' आणि 'तू जन्मात काही करणार नाहीस' यांतला फरक शिक्षकांना कळतो.

वटवाघूळ

जागांबद्दल कोणी बोललं नाही. प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला शाळेचा साधा नकाशा छापा : मजले, जिने, स्वच्छतागृह, मैदान, पाण्याच्या टाक्या, सायकल स्टँड, फाटक, व्हॅन थांबते ती जागा. मुलांनी जिथे जायला नको वाटतं तिथे फुली मारायची. सर्वांनी किमान दोन फुल्या मारायच्याच, म्हणजे कोणी वेगळा दिसत नाही. मैदानावर फारशा फुल्या येत नाहीत, तिथे सगळ्यांची नजर असते. त्या येतात जिन्याच्या वळणावर आणि स्वच्छतागृहात. वेळ म्हणाल तर दोन तासांमधली ती तीन-चार मिनिटं, एक शिक्षक गेलेत आणि दुसरे यायचेत तेव्हाची.

यावर उपाय सीसीटीव्ही नाही. स्वच्छतागृहात तो लावता येत नाही, आणि लावावासा वाटणं हेच भयंकर. तास संपल्यावर शिक्षकाने पुढचे शिक्षक येईपर्यंत दारात उभं राहायचं, एवढ्याने बराच फरक पडतो. लागोपाठ तास दोन मजल्यांवर असतील तर ते जमत नाही. तेव्हा वेळापत्रक करणाऱ्याने एका शिक्षकाचे तास शक्यतो एकाच मजल्यावर लावावेत. मुलं किती वेळा लघवीला जाणं टाळतात हेही विचारा. 'शाळेत पाणी कमी पिते कारण तिकडे जावं लागतं' असं सांगणाऱ्या मुली असतात. कधी ते स्वच्छतागृह घाणेरडं म्हणून, कधी तिथे कोणीतरी असतं म्हणून.

चार्जर_कुठाय

सगळेजण शाळेच्या इमारतीत अडकलात. नववीच्या वर्गाचे दोन ग्रुप असतात : '९ ब अधिकृत', ज्यात बाई आहेत, आणि '९ ब खरा', ज्यात त्या नाहीत. जे होतं ते दुसऱ्यात.

हल्लीचे प्रकार :
स्टिकर. वर्गात जांभई देताना फोटो काढायचा, कापून व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर करायचा. मूळ मेसेज पुसला तरी इतरांच्या फोनमध्ये तो जतन राहतो.
कन्फेशन पेज. इन्स्टावर शाळेच्या नावाने निनावी खातं, कोणाचंही नाव कोणाशीही जोडायचं.
ग्रुपमधून काढायचं, परत घ्यायचं, परत काढायचं. दहा वेळा. नोटिफिकेशन सगळ्यांना दिसते.

उपाय : व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये 'ग्रुप' आहे, तिथे 'सर्वजण' ऐवजी 'माझे संपर्क' करा, म्हणजे अनोळखी नंबर ग्रुपात ओढू शकत नाही. इन्स्टावर ब्लॉक केलं तर समोरच्याला कळतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हिशोब होतो. त्याऐवजी 'रिस्ट्रिक्ट' वापरा. त्याच्या कॉमेंट फक्त त्यालाच दिसतात, मेसेज विनंत्यांत जातात, तुम्ही वाचलंत की नाही हे त्याला कळत नाही. पुरावा हवा तर प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट काढून आईवडिलांना पाठवून ठेवा.

आणि फोन काढून घेऊ नका. मुलं घरी सांगत नाहीत याचं पहिलं कारण तेच आहे.

काळा_डगला

'प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट' हे दुरुस्त करतो, नाहीतर कोणीतरी अडचणीत यायचं. शिवीगाळ, धमकी, स्टिकर, खोटं खातं यांचा स्क्रीनशॉट जरूर घ्या : पाठवणाऱ्याचा नंबर (सेव्ह केलेलं नाव नव्हे), तारीख, वेळ दिसली पाहिजे. इन्स्टाचं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंक आणि पोस्टची लिंकही उतरवून ठेवा. पण १८ वर्षांखालील मुलामुलीचं नग्न किंवा लैंगिक चित्र असेल, मग ते खोटं जोडलेलं का असेना, तर ते जतन करू नका आणि कोणालाही पाठवू नका. शिक्षकांनाही नाही, पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) ते जवळ ठेवणं आणि पसरवणं दोन्ही अंगाशी येऊ शकतं. लिंक, खात्याचं नाव, वेळ कागदावर लिहा आणि पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तिथे महिला आणि मुलांविषयीच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते.

कायद्याबद्दल वरवर बरंच ऐकलेलं असतं, तर थोडक्यात.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लोक सारखं दाखवतात. ते शिक्षा आणि मानसिक छळ यांबद्दल आहे, रोख शाळेतल्या मोठ्यांवर. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला दिलेल्या त्रासाला ते फारसं कामाचं नाही. निळी शाई म्हणतात त्या 'ठोंब्या'ला लागू पडेल, तेही चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा फक्त कॉलेजपुरता आहे हा गैरसमज. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक आहे, वसतिगृहही त्यात येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी खरं वाटलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर त्यालाच मदत केल्याचं धरलं जातं. गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. आता नववीतल्या मुलाला यात अडकवावं का, हा वेगळा प्रश्न आहे. माझं मत, शक्यतो नको. पण 'लेखी द्या' म्हटल्यावर शाळा का दचकते ते यावरून कळेल.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल, कपडे ओढणं, स्वच्छतागृहात जबरदस्ती, तर शाळेने 'आपसांत मिटवलं' म्हणायचा पर्यायच नाही. पॉक्सो कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास कलम २१ : सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत.

अपंग मुलाला चारचौघांत अपमानित करणं हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम ९२, स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि 'पोलिसांत देईन, आत टाकतील' ही धमकी पोकळ आहे. १८ खालच्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही. बाल न्याय कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा सोडला तर एफआयआरऐवजी ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल होतो, पुढचं बाल न्याय मंडळ बघतं.

सायली_दुपार

बापरे, किती माहिती. काळा डगला, शाळेला लेखी द्यायचं तर कसं द्यावं?

काळा_डगला

एका पानात. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोण हजर होतं. प्रत्येक घटना वेगळ्या ओळीत. 'अमानुष', 'गुंड प्रवृत्तीचा' ही विशेषणं टाळा, वाचणारा बचावाला लागतो. शेवटी मागणी नेमकी हवी : बाक बदला, व्हॅनमध्ये मोठं माणूस ठेवा, अमुक तारखेला आम्हाला भेटून काय केलं ते सांगा. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कारकून 'सर आल्यावर देतो' म्हणाला तर ईमेल करा, तीही पोच धरता येते.

पाटी_पुसणी

सीबीएसईची शाळा असेल तर त्यांच्या मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रक काढून बुलिंगविरोधी समिती करायला सांगितली आहे. उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक, व्यवस्थापनाचा आणि विधी प्रतिनिधी, शिवाय विद्यार्थी. आपल्याकडे राज्य मंडळात सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची) आणि तक्रारपेटी आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर कॅमेऱ्याखाली टांगतात, तिच्यात वाढदिवसाच्या चॉकलेटचे कागद निघतात. तिला चालू करायचं तर शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळ्या वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि सगळ्यांनीच पेटीत टाका, काही लिहायचं नसेल तर कोरी. मग लिहिणारा वेगळा दिसत नाही. वर खडूची पेटी म्हणाले तेच तत्त्व.

बोरकूट

खडूची पेटी, तक्रारपेटी, खोका. धागा पॅकेजिंग उद्योगाकडे वळतोय.

मनाचा_कोपरा

मूळ मसुद्यातला तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वात मोलाचा आहे, फक्त तो उलटा विचारा. 'का नाही सांगितलं' यात मुलालाच दोष दिल्यासारखं वाटतं. त्याऐवजी 'सांगितल्यावर काय झालं?' आणि पर्याय द्या : थांबलं, काही दिवस थांबून परत सुरू झालं, वाढलं, 'दुर्लक्ष कर' म्हणाले, दोघांनाही शिक्षा झाली, कोणालाच सांगितलं नाही. मुलांचा अनुभव या एका प्रश्नात सापडतो. त्यांच्या हिशोबात त्रास सोसण्यापेक्षा सांगणं महाग असतं, आणि ती किंमत मोठी माणसंच वाढवतात.

कशी? तक्रार आली की शिक्षक त्याच तासाला दोघांना उभं करतात. 'हा म्हणतो तू याला मारलंस, खरं का?' संपलं. सांगणारा कोण ते वर्गाला कळलं, मारणाऱ्याने 'मस्ती करत होतो सर' म्हटलं, दोघांनी हात मिळवले. हात मिळवताना किती जोराने दाबला जातो ते बघा कधी. भांडणाला मध्यस्थी चालते, कारण दोघांचंही काही चुकलेलं असतं. इथे एकाच्या पाठीशी चौघं आहेत, समोरासमोर बसवणं म्हणजे परत एकदा त्याच्या तावडीत देणं.

त्याऐवजी सोसणाऱ्याला एकट्याला भेटा, पण बोलवायचं दुसऱ्या निमित्ताने, वही दाखवायला वगैरे. त्याला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. मग दुसऱ्या बाजूच्या प्रत्येकाला वेगवेगळं, एकामागून एक, मध्ये त्यांना आपसांत बोलायला वेळ न देता. त्या प्रत्येकाला असं एकेकटं भेटायची ही रीत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांनी बसवली. 'तू काय केलंस' असं सुरू करायचं नाही. 'अमुकचं वर्गात बरं चाललेलं दिसत नाही, तुला काय दिसतं?' इथून सुरुवात. मग 'तू काय करशील?' टोळीतले दोघंतिघं मनातून नाराज असतात, एकट्यात ते बोलतात. आठवड्याने परत प्रत्येकाला भेटायचं, ती तारीख तेव्हाच ठरवायची. पहिली भेट होते, दुसरी राहून जाते, आणि मुलं नेमकी त्याच दुसऱ्या भेटीची वाट बघत असतात.

मारहाण, खंडणी, लैंगिक प्रकार असेल तर ही रीत नाही, तिथे वर काळा डगला यांनी सांगितलेलं.

बाक बदलायचा तर त्रास देणाऱ्याचा बदला. सोसणाऱ्यालाच दुसऱ्या तुकडीत पाठवलं की वर्गाला निकाल कळतो.

रोखठोक_नाना

हे मात्र पटलं. हात मिळवायला लावणं हा मूर्खपणाच. पण बाकीचा वर्ग काय करतो? चाळीस पोरं बसून बघतात, त्यांना काहीच विचारायचं नाही?

मनाचा_कोपरा

नाना, अगदी बरोबर जागी आलात. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ च्या अभ्यासात वर्गातल्या भूमिका मांडल्या : करणारा, त्याला हात देणारा, हसून चढवणारा, बाजूला राहणारा, सोसणाऱ्याची बाजू घेणारा, आणि सोसणारा. हसणारे गेले की करणाऱ्याचा निम्मा जोर जातो. पण मुलांना 'मध्ये पड, अडव' सांगू नका, उद्या त्याचाच नंबर लागेल. जमण्यासारखं सांगा : हसू नकोस, व्हिडिओ काढू नकोस, काढलेला पुढे पाठवू नकोस, आणि नंतर त्याच्याजवळ जाऊन 'चल, डबा खाऊ' म्हण. हे शेवटचं सर्वात उपयोगी.

प्रश्नावलीत टाका : 'दुसऱ्याला त्रास होताना पाहिलं तेव्हा मी काय केलं?' चौथ्या प्रश्नापेक्षा याला खरी उत्तरं येतात. चौथाही कृतीच्या भाषेत घ्या : 'मी कोणाला ग्रुपमधून काढलं', 'मी टोपणनावाने हाक मारली'. मग खुणा पडतात. मारणाऱ्यांतही काही जण दुसरीकडे मार खाणारे असतात, दोन्ही रकाने एकाच कागदावर असले की ते दिसतं.

पाटी_पुसणी

निकालाचं काय करणार हे आधी ठरवा. पंधरा दिवसांत मुलांना सांगा : तुमच्यापैकी इतक्यांनी हे लिहिलं, आम्ही या तीन गोष्टी करतोय. नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी सगळे 'एकदाही नाही'वर खुणा करून मोकळे होतील. आणि तुकड्यांची क्रमवारी लावू नका, वर्गशिक्षक पुढच्या वेळी 'आपला वर्ग चांगला आहे ना?' म्हणूनच कागद वाटतील. पहिल्या वर्षी आकडा मोठा आला तर व्यवस्थापन हादरेल. त्यांना युनेस्कोचा २०१९ चा अहवाल दाखवा, जगभरात जवळपास तीनातल्या एका विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात असा त्रास झाल्याचं सांगितलंय. तुमचा आकडा शून्याजवळ आला तर मात्र भरून घेण्याची पद्धत तपासा.

सायली_दुपार

सगळ्यांचं धरून नवा मसुदा : बारा कृती गुणिले पाच पर्याय, मुदत 'गणपतीच्या सुट्टीपासून आजपर्यंत', त्यांतली एक ओळ मोठ्यांबद्दल (मुख्याध्यापकांशी भांडेन). मग स्वतः केलेल्या कृती सहा. 'सांगितल्यावर काय झालं', 'पाहिल्यावर काय केलं'. मागे नकाशा. नाव नाही, फक्त इयत्ता. २५ मिनिटांत होईल ना?

एक शंका. निनावी कागदावर कोणी काही भयंकर खूण केली आणि मूल कोण ते कळलंच नाही, तर?

काळा_डगला

म्हणून प्रत्येकाला वेगळी एक छोटी चिठ्ठी द्या : 'मला कोणाशी तरी बोलायचं आहे', खाली नाव आणि कोणाशी बोलायचं त्यांचं नाव. नको असेल तर कोरी, पण खोक्यात सर्वांनी टाकायची. त्या चिठ्ठ्या त्याच दिवशी उघडा, सोमवारची वाट बघू नका. आणि आधीच सांगा की कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर आम्हाला पुढे कळवावं लागेल. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका, पॉक्सोमुळे ते पाळता येणार नाही. कागदाच्या तळाशी मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ छापा, दोन्ही मोफत. मूल कागद घरी नेणार नाही, तेव्हा हे दोन नंबर शाळेच्या दैनंदिनीतही चिकटवा.

निळी_शाई

मुदत चांगली घेतलीत, मुलांना 'दोन महिने' म्हणण्यापेक्षा गणपती पटकन आठवतात. पालकांना आधी पत्र पाठवा, विषय आणि तारीख सांगून. ज्यांना नको त्यांच्या मुलांना त्या तासाला बाहेर बसवू नका, तोच कागद कोरा टाकायला सांगा.

खडूची_पेटी

२५ मिनिटं पुरतील, पण एक राहिलं. प्रत्येक वर्गात चार-पाच मुलं असतात ज्यांना सलग वाचता येत नाही, आणि त्रास सोसणाऱ्यांत ती बऱ्याचदा असतात. ती शेजाऱ्याचं बघून खुणा करतील. म्हणून प्रश्न मोठ्याने, एकेक करून वाचून दाखवा, सगळ्यांनी बरोबरच पुढे जायचं. ज्या मुलाला लेखनिक लागतो त्याला वर्गातला मित्र देऊ नका, वेगळ्या खोलीत बाहेरचं कोणीतरी बसवा. नकाशावरची नावं मुलं म्हणतात तीच लिहा, 'पश्चिमेकडील जिना' नको. प्रत्येक शाळेत त्या जिन्याचं एक नाव असतंच, दहावीच्या कोणालाही विचारा.

सायली_दुपार

विचारलं. 'यमलोक'. तेच छापते.